कानामागची झडप

शंट हे प्रकरण दिसायला अगदीच साधं आहे. बॉलपेनच्या रिफिलपेक्षा किंचित बारीक अशी सिलिकॉनची नळी आणि तिच्यात एक छोटी झडप. नळीचं एक टोक मेंदूतल्या पोकळीत असतं. तिथून ती कवटीला पाडलेल्या भोकातून बाहेर येते, कानामागून मानेत उतरते आणि छातीच्या कातडीखालून पोटात जाते. मूल वाढणार, त्याची उंची वाढणार, म्हणून पोटात जास्तीची नळी वेटोळं करून सोडून ठेवतात. साध्या शंटमध्ये ना बॅटरी असते, ना चिप, ना कुठला प्रोग्रॅम. माझ्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला हे बघून थोडं हसू येतं आणि थोडा हेवाही वाटतो.

काम मात्र साधं नाही. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या द्रवात तरंगत असतात तो द्रव शरीर सतत बनवत असतं. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. एका वेळी साठा असतो दीडशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलतं. ही आवक-जावक बिघडली, वाट कुठे तुंबली, की मेंदूतल्या पोकळ्या फुगायला लागतात. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे अजून जुळलेले नसतात, त्यामुळे डोकंच मोठं होत जातं, टाळू ताठ होते. आपल्याकडे याला ‘डोक्यात पाणी झालं’ म्हणतात, डॉक्टर हायड्रोसेफॅलस म्हणतात. कारणं अनेक आहेत. स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा गर्भातच नीट न मिटल्यामुळे पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मलेलं बाळ, अकाली जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत झालेला रक्तस्राव, मेंदूतली गाठ, आणि आपल्या देशात ठळकपणे, क्षयाचा मेंदूज्वर.

अशा मुलाच्या डोक्यात आपण नळी बसवतो तेव्हा त्याला नेमकं काय दिलेलं असतं, हा माझा प्रश्न आहे. वस्तू दिलेली असते, की शब्द?

या विषयात मी ओढला गेलो तो एका मेकॅनिकच्या गोष्टीमुळे. जॉन होल्टर हा अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहणारा, कुलपं बनवणाऱ्या कारखान्यातला कुशल कारागीर. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याला मुलगा झाला, केसी. पाठीवर गाठ आणि पाठोपाठ डोक्यात पाणी. त्या काळी मेंदूतलं पाणी हृदयाकडे वळवण्याचे प्रयोग चालू होते, पण रक्त उलटं वर चढू न देता पाणी तेवढं खाली सोडणारी भरवशाची झडप कोणाकडे नव्हती. डॉक्टर युजिन स्पिट्झ यांनी होल्टरला अडचण सांगितली. होल्टरने ती घरी नेली आणि काही आठवड्यांत झडप बनवली. रबरी नळीत सुई खुपसून काढली की भोक आपोआप मिटतं, हे त्याने दवाखान्यात पाहिलं होतं. त्याच्या झडपेतली फट याच तत्त्वावर उघडते आणि मिटते. साधं रबर शरीरात टिकेना, तेव्हा तेव्हा नव्याने मिळू लागलेलं सिलिकॉन त्याने शोधून काढलं. मार्च १९५६ मध्ये पहिली झडप एका दुसऱ्याच मुलाला बसवली गेली, कारण तेव्हा केसीची तब्येत ऑपरेशन झेपण्यासारखी नव्हती.

दुसरी गोष्ट बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये लेखक रोआल्ड डालच्या चार महिन्यांच्या मुलाच्या, थिओच्या, बाबागाडीला टॅक्सीने उडवलं. डोक्याला जबर मार लागला, पाणी झालं, शंट बसवला, आणि तो पुन्हा पुन्हा तुंबत राहिला. डालने स्टॅन्ली वेड या इंजिनियरला गाठलं. विमानांच्या छोट्या मॉडेलांसाठी इंधनाचे इवलेसे पंप बनवण्यात या गृहस्थाचा हात बसलेला होता. न्यूरोसर्जन केनेथ टिल यांना सोबत घेऊन तिघांनी सहज न तुंबणारी झडप तयार केली. ती हातात येईपर्यंत थिओला तिची गरज उरली नव्हती. तिघांनी त्यातून नफा घ्यायचा नाही असं ठरवलं, आणि ती झडप जगभरात हजारो मुलांना बसली.

इंजिनियर मंडळींना या गोष्टी फार आवडतात. आमच्या कॉलेजात एका सरांनी होल्टरची गोष्ट ‘इनोव्हेशन’ या मथळ्याखाली स्लाइडवर टाकली होती. शेवटच्या स्लाइडवर झडपेचं चित्र, टाळ्या, पुढचा विषय. त्या स्लाइडवर एक ओळ नव्हती. केसी होल्टर पाच वर्षांचा असताना वारला.

यात होल्टरचं काही कमी पडलं असं मला म्हणायचं नाही. त्याच्या झडपेने असंख्य मुलं वाचली. पण गोष्ट कुठे संपवायची हे सांगणारा ठरवतो, आणि आपण ती नेहमी झडप बसली तिथे संपवतो. मुलाची गोष्ट तिथे सुरू होते.

शंट बिघडतो. अपवाद म्हणून नाही, नेमाने बिघडतो. १९९८ मध्ये जेम्स ड्रेक आणि सहकाऱ्यांनी ३४४ मुलांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. तीन प्रकारच्या झडपा घेतल्या, त्यातल्या दोन नव्या विचाराने घडवलेल्या. कोणाला कोणती बसवायची ते चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. तिन्ही झडपांचे निकाल सारखेच आले. वर्षभरात दहातल्या साधारण चार मुलांचा शंट निकामी झालेला होता, आणि दोन वर्षांत निम्म्याहून अधिक मुलांचा. कुठे पेशींनी तोंड बुजवलं, कुठे जंतुसंसर्ग झाला, कुठे नळी तुटली किंवा जागेवरून सरकली. असं झालं की पुन्हा ऑपरेशन. काही मुलांची वयात येईपर्यंत दहा-दहा ऑपरेशनं होतात.

आमच्या धंद्यात एक गोष्ट नवशिक्याला पहिल्या वर्षात कळते. सॉफ्टवेअर लिहिण्याचा खर्च एकदाच येतो, ते चालू ठेवण्याचा खर्च कायमचा. म्हणून रात्रपाळीचा फोन कोणाकडे, हे ठरल्याशिवाय आम्ही काहीही चालू करत नाही. आणि आमचं काय जातं? फार तर कोणाचं तरी जेवण उशिरा पोचतं. मुलाच्या डोक्यातली नळी मात्र हा फोन कोणाकडे आहे हे न ठरवताही बसवता येते, आणि बसवली जाते.

आता आपल्या देशाकडे. लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. डी. के. छाब्रा यांनी एक स्वस्त झडप घडवली. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरच्या कारखान्यात ती बनते आणि छाब्रा शंट या नावाने ओळखली जाते. दिल्लीच्या एम्समधले डॉ. पी. उपाध्याय यांच्या नावाचाही एक देशी शंट आहे. परदेशी झडप परवडत नाही म्हणून मूल तसंच ठेवायचं, हे या लोकांना मान्य नव्हतं. युगांडात म्बाले इथल्या मुलांच्या इस्पितळात काम करणारे अमेरिकी न्यूरोसर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी छाब्रा शंटची तुलना एका नामांकित पाश्चात्त्य शंटशी केली आणि २००५ मध्ये निकाल छापला. १९५ मुलं. एका शंटची किंमत ३५ डॉलर, दुसऱ्याची ६५०. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या निकालांत म्हणावा असा फरक नव्हता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शाहजहानपूरचा उगाचच अभिमान वाटला (मी तिथे कधी गेलेलो नाही). गरिबाला स्वस्त देणं म्हणजे कमी प्रतीचं देणं, ही समजूत या एका निबंधाने मोडीत काढली. ‘पुरेसं चांगलं’ द्यावं की ‘सर्वोत्तम’ द्यावं, हा नीतीचा प्रश्न निदान झडपेपुरता तरी निकाली निघाला. पण तो निकाली निघाला तो दोन्ही झडपा सारख्याच बिघडतात म्हणून. किंमत पस्तीस डॉलरवर आली तरी ‘बिघडली की काय?’ हा प्रश्न होता तिथेच राहिला. त्या प्रश्नाला पैशापेक्षा अंतर जास्त लागू होतं.

आमच्या इमारतीत, विरार पूर्वेला, नऊ वर्षांचा एक मुलगा राहतो. शंटवाला. पहिल्या भेटीतच त्याने माझा हात धरून कानामागे नेला होता. “दादा, इथे दाब. गोटी आहे माझ्या डोक्यात.” दाबायचं नसतं हे त्याच्या आईने तेवढ्यात ओरडून सांगितलं. त्याला क्रिकेट आवडतं, गणित आवडत नाही, आणि गोटीचा त्याला थोडा गर्वच आहे.

दोन पावसाळ्यांमागे एका रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. डोकं दुखतं म्हणाला, मग पेंगायला लागला. शंट तुंबल्याची लक्षणं हीच असतात. गंमत अशी, की गंमत म्हणू नये खरं तर, पावसाळ्यात विरारच्या निम्म्या मुलांना हीच लक्षणं असतात. जवळच्या दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन मिळालं आणि ‘व्हायरल चालू आहे’ हा दिलासा. त्या डॉक्टरला दोष देणं मला सोपं वाटत नाही, त्याने अशी किती मुलं आयुष्यात पाहिली असतील? वहिनींनी मात्र ऐकलं नाही. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत आधीचे सगळे सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्डं, एका वहीत तारखा असा सगळा दप्तरखाना आहे. पहाटे गाडी मिळाली. घोडबंदरच्या फाउंटन नाक्यावर ट्रकांच्या रांगेत पाऊण तास गेला. मुंबईत पोचेपर्यंत मुलगा हाकेला ओ देत नव्हता. ऑपरेशन झालं, वाचला, आठवड्यात घरी आला, पंधरा दिवसांत जिन्यात बॅट आपटायला लागला.

मला त्या रात्रीपेक्षा नंतर कळलेली एक गोष्ट जास्त लागली. हे कुटुंब मूळचं राजापूरकडचं. मुलगा झाल्यापासून ते गणपतीला गावी गेलेले नाहीत. वहिनी म्हणाल्या, “कुठेही जायचं म्हटलं की आधी मी विचारते, तिथून परळ किती तास?” त्याच्या वडिलांना बढतीवर नागोठण्याला जायची संधी होती. तीही याच हिशेबाने सोडली. मुलाच्या डोक्यातल्या नळीचं दुसरं टोक पोटात असतं हे पुस्तकात लिहिलेलं आहे. खरं तर ते परळला बांधलेलं आहे, आणि सगळं घर त्या दोरीच्या लांबीएवढ्याच वर्तुळात फिरतं.

विरार ते परळ सुमारे पन्नास किलोमीटर. दिवसा लोकलने प्रभादेवीला उतरायचं, पूल ओलांडायचा, की वाडिया हॉस्पिटल गाठता येतं. मुलांसाठीचं हे रुग्णालय १९२९ पासून तिथे आहे. मध्यरात्रीनंतर गाड्या थांबतात तेव्हा मात्र उरतो हायवे. आणि जुलै २०१८ सारखा पाऊस लागला, नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, तर दिवसाही वसईची खाडी ओलांडणं अवघड. तरी आम्ही शहरात राहतो. याच पालघर जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा आहे. तिथल्या पाड्यावरून निघालेल्या आईला आधी रस्त्यापर्यंत यायचं असतं, मग गाडी, मग तालुक्याचं रुग्णालय, आणि तिथून पुढे हा सगळा वर सांगितलेला प्रवास.

वॉर्फ यांना म्बालेमध्ये हेच दिसत होतं. मूल शंट घेऊन घरी जातं, काही महिन्यांनी तो तुंबतो, आणि आई इस्पितळापर्यंत पोचतच नाही. म्हणून त्यांनी दुसरा रस्ता धरला. दुर्बिणीने मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडायचं, म्हणजे पाण्याला आतल्या आतच वाट मिळते, नळी लागत नाही. कल्पना जुनी आहे. बॉस्टनचे विल्यम मिक्स्टर यांनी १९२३ मध्ये मूत्रमार्ग तपासायची दुर्बीण वापरून एका बाळावर हे करून पाहिलं होतं. तान्ह्या बाळांत नुसत्या भोकाने भागत नाही, म्हणून वॉर्फ यांनी पाणी बनवणारा भागही काही प्रमाणात जाळायचा, अशी जोड दिली. ही पद्धतही फसते, पण फसायची तर बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांतच फसते. शंटसारखी जन्मभर टांगती तलवार ठेवत नाही. युगांडातल्याच १०० बाळांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही पद्धतींनी उपचार झालेल्या बाळांच्या बौद्धिक वाढीत वर्षभरानंतर ठळक फरक आढळला नाही. निबंधाचे पहिले लेखक टोरंटोचे डॉ. कुलकर्णी. आडनाव वाचून आपल्याला उगाच बरं वाटतं.

याच कुलकर्णींनी त्याआधी, २००९ मध्ये, दुर्बिणीची शस्त्रक्रिया कोणात यशस्वी होईल याचा अंदाज बांधणारी गुणपद्धत मांडली होती. तीन गोष्टींना गुण द्यायचे. मुलाचं वय, पाणी होण्याचं कारण, आणि आधी शंट बसवलेला होता की नाही. तिन्ही गोष्टी मुलाच्या आतल्या आहेत. वॉर्फ यांनी म्बालेत जे केलं त्यात एक चौथी गोष्ट होती, मुलाच्या बाहेरची. घर किती लांब आहे?

मला अडवतो तो हा चौथा प्रश्न. समजा, एकाच वयाची, एकाच दुखण्याची दोन बाळं आहेत. एक दादरचं, एक मोखाड्याचं. सर्जनने दादरच्या बाळाला एक आणि मोखाड्याच्या बाळाला दुसरं ऑपरेशन सुचवलं, तर हा शहाणपणा म्हणायचा की अन्याय? सरळ बुद्धीला वाटतं की उपचार आजार बघून ठरावा, पत्ता बघून नव्हे. पण पत्ता न बघता शंट बसवणारा सर्जन समतेने वागला असं म्हणवत नाही. त्याने दोघांना सारखी वस्तू दिली. शब्द एकाच्याच बाबतीत पाळता येणार आहे, हे त्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं.

म्हणून माझं मत असं झालं आहे की डॉक्टरने अंतर मोजावं. त्याच्यासमोर बाळ आज आहे, रस्ता त्याच्या हातात नाही, आणि पाऊस जसा गृहीत धरावा लागतो तसंच त्याला अंतरही गृहीत धरावं लागतं. पण तीच सवलत बाकीच्यांना, म्हणजे तुम्हा-आम्हाला आणि आपण निवडून दिलेल्यांना नाही. जव्हारपासून मेंदूच्या सर्जनपर्यंत किती तास लागावेत हे निसर्गाने ठरवलेलं नाही. कुठल्या गावात रुग्णालय, कुठल्या खाडीवर पूल, कुठल्या डॉक्टरची बदली कुठे, हे सगळं कोणी तरी सही करून ठरवलेलं आहे. वॉर्फ यांच्या शहाणपणाचं कौतुक करताना आपण हा फरक विसरलो, तर ‘लांबच्या मुलांसाठी वेगळं ऑपरेशन असतं’ हे वाक्य हळूहळू ‘लांबच्या मुलांचं तसंच असतं’ असं व्हायला वेळ लागणार नाही.

यावर एक थंड डोक्याचा आक्षेप आहे. शब्द पाळता येणार नसेल तर देऊच नका. शेफील्डचे बालरोगतज्ज्ञ जॉन लॉर्बर यांनी १९७१ मध्ये जवळपास हेच म्हटलं. होल्टरची झडप आल्यावर पाठीवर गाठ असलेल्या प्रत्येक बाळावर ऑपरेशन करायचा उत्साह आला होता. लॉर्बर यांनी ५२४ मुलांचा हिशेब मांडला आणि म्हणाले, वाचलेल्यांपैकी पुष्कळांच्या वाट्याला फार यातना आल्या आहेत. पाय पूर्ण लुळे, जन्मतःच फार मोठं डोकं, पाठीला बाक, सोबत दुसरी गंभीर व्यंगं, अशी लक्षणं असतील तर ऑपरेशन करू नये. हा माणूस क्रूर नव्हता, त्याने मुलं जवळून पाहिली होती. पुढे शिकागोत डेव्हिड मॅक्लोन यांनी जवळपास कोणालाच न वगळता उपचार केले, चिकाटीने पाठपुरावा ठेवला, आणि त्यांच्याकडच्या बहुसंख्य मुलांची बुद्धी सर्वसाधारण निघाली. खुद्द लॉर्बरही पुढे प्रसिद्ध झाले ते वेगळ्याच कारणाने. डोक्यात बहुतांश पाणीच दिसतं आणि तरी गणितात पहिल्या वर्गात पदवी मिळवलेली, अशा एका विद्यार्थ्याची हकिकत त्यांनी सांगितली. १९८० मध्ये ‘सायन्स’ने त्यावर लेख छापला. त्या हकिकतीतून काढलेल्या निष्कर्षांवर बरेच वाद झाले आणि ते रास्त होते. पण बाळाकडे पाहून त्याचं आयुष्य जगण्यासारखं असेल की नाही हे सांगणं किती अवघड आहे, याचा पुरावा लॉर्बर यांच्याच दप्तरात सापडावा, हे विसरण्यासारखं नाही.

मॅक्लोन यांच्या निकालांत मला दिसतो तो पाठपुरावा. मुलांच्या नशिबातला काही भाग दुखण्याचा होता, पण काही भाग आपण त्यांच्यामागे किती उभे राहिलो याचा. तो दुसरा भाग पहिल्यात मिसळून ‘याचं काही खरं नाही’ असं म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं. (मुंबईत वैद्यकीय नीतीला वाहिलेलं नियतकालिक १९९३ मध्ये सुरू झालं. त्याचे संस्थापक संपादक डॉ. सुनील पंड्या हे केईएमचे न्यूरोसर्जन होते. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.)

दुसरा आक्षेप अधिक गोड बोलतो. झडपा, दुर्बिणी, ऑपरेशनं यांवर खर्च कशाला, मुळातच आजार टाळा. याची गोष्टही परळचीच आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचं कारण शोधत त्यांनी हाफकिन संस्थेत काम केलं. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवलं. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे ओळख पटलेलं फोलेट. साठ वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने सिद्ध केलं की आधी असं मूल झालेल्या बायकांनी दिवस राहण्याच्या आधीपासून फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. हाफकिन आणि वाडिया दोन्ही परळला, आचार्य दोंदे मार्गावरच. एका दारात पाठीवर गाठ असलेली बाळं येतात, दुसऱ्या दारातून त्यावरच्या गोळीच्या शोधाची सुरुवात झाली होती. गोळी काही पैशांची आहे. अडचण एवढीच की गर्भाचा कणा गर्भधारणेपासून चार आठवड्यांत मिटतो, आणि आपल्याकडे बाईला दिवस गेल्याचं कळून तिची नोंदणी होईपर्यंत ती मुदत बहुतेकदा टळून गेलेली असते. म्हणून गोळी लग्न ठरलेल्या मुलीपर्यंत पोचायला हवी, किंवा पिठामिठातूनच जायला हवी.

हे सगळं मला मान्य आहे, आणि हे आधी व्हायला हवं यातही वाद नाही. पण फोलिक अ‍ॅसिड क्षयाचा मेंदूज्वर थांबवत नाही, अकाली जन्म थांबवत नाही. आणि ज्याच्या कानामागे आज गोटी आहे त्याला ‘पुढच्यांचं आपण टाळतोय’ हे उत्तर होऊ शकत नाही. ज्याला शब्द दिला त्याचं देणं दुसऱ्या कोणाला देऊन फिटत नाही.

हे देणं फेडायला मोठं काही लागतं असंही नाही. प्रत्येक तालुक्यात मेंदूचा सर्जन बसवा असं कोणी म्हणत नाही. शंटवालं मूल उलट्या घेऊन आलं तर ते व्हायरल नाही असं समजून चला, एवढं एक पान जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यात भिंतीला चिकटवता येतं. आधीचा स्कॅन आईच्या प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कुठूनही उघडता येईल असा ठेवता येतो, आणि हे तर माझ्या धंद्यातलं काम आहे, अवघडही नाही. रुग्णवाहिकेच्या चालकाला कुठे न्यायचं ते आधीच ठरवून देता येतं. यातल्या कशालाही शोध म्हणता येणार नाही, म्हणूनच बहुधा यावर स्लाइड निघत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांना तपासायचं, दोष शोधायचा, मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, उपचार मोफत करायचे. शोधायच्या जन्मजात दोषांच्या यादीत पहिलं नाव मज्जारज्जूच्या दोषाचंच आहे. योजना चांगली आहे, तिच्यामुळे पाड्यावरचं बाळ निदान कोणाच्या तरी नजरेला पडतं. पण तिची घडण ‘शोधा आणि पाठवा’ अशी आहे, आणि शंटवाल्या मुलाची गरज ऑपरेशनहून परत आल्यावर सुरू होते. शिवाय योजना अठराव्या वर्षी थांबते. योजना सुरू झाली त्या आठवड्यात इथे जन्मलेलं आणि नळी बसवलेलं मूल असेल, तर ते फेब्रुवारी २०३१ मध्ये अठरा पूर्ण करेल. नळी तेव्हाही लागणारच आहे. मुलांच्या रुग्णालयातून ते बाहेर पडेल तेव्हा पुढे कोणत्या डॉक्टरकडे जायचं हे त्याच्या शेवटच्या कागदावर लिहिलेलं असायला हवं, आणि तिथला नंबर रात्री तीन वाजता कोणी तरी उचलायला हवा.